डेक्कन क्वीनमधले गणिती
डोंबिवली, प्रतिनिधी

पुण्याहून मुंबईकडे निघालेली डेक्कन क्वीन कल्याण मागे टाकते आणि डोंबिवलीच्या फलाटांवर लोकलची वाट पाहणाऱ्या गर्दीसमोरून न थांबता निघून जाते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी या गाडीच्या नेहमीच्या प्रवाशांत पुण्यात राहणारे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित शिकविणारे एक प्राध्यापक होते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव. मराठी वाचक त्यांना प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ओळखतो. मात्र आज डोंबिवलीहून ठाणेमार्गे ऐरोली-महापे परिसरातील डेटा सेंटरमध्ये कामाला जाणारा तरुण अभियंता सर्व्हरची साठवण यंत्रणा किती मोठी असावी याचे गणित मांडतो, तेव्हा त्यातील एका महत्त्वाच्या पायरीवर तो कोसंबींचीच वाट चालत असतो. बहुतेकदा त्याला ते ठाऊक नसते, कारण ज्या प्रमेयाच्या आधारे तो हे करतो त्याच्या प्रचलित नावात कोसंबी नाहीत.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते अमेरिकेला गेले, तेव्हा १९१८ मध्ये अकरा वर्षांच्या दामोदरलाही त्यांनी सोबत नेले. शालेय शिक्षण तेथेच झाले आणि पुढे १९२९ मध्ये हार्वर्डची पदवीही त्यांनी उच्च श्रेणीत मिळविली. परतल्यावर त्यांनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केले. तेथून फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांच्या आग्रहावरून ते अलिगढला गेले. १९३१ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यात बुर्बाकी नावाच्या, मुळात अस्तित्वातच नसलेल्या गणितीचा हवाला दिला. ती शुद्ध थट्टा होती. पुढे फ्रान्समधील गणितींच्या एका प्रसिद्ध मंडळाने याच टोपणनावाने ग्रंथमाला लिहिली. काल्पनिक माणसाचे नाव गणिताच्या छापील इतिहासात प्रथम आणणाऱ्या कोसंबींचे स्वतःचे खरे नाव मात्र त्यांच्या सर्वांत उपयोगी ठरलेल्या कामावरून गळाले, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

१९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि पुढची बारा वर्षे तेथेच राहिले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. याच काळात ते संख्याशास्त्राकडे वळले आणि त्यासाठी त्यांनी निवडलेली सामग्री होती जुनी नाणी. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत नाणी त्यांनी अचूक काट्यावर एकेक करून तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि त्याचे सरासरी वजन घटते, हे कोणालाही सुचेल. कोसंबींनी त्यापुढे जाऊन पाहिले. प्रत्येक नाणे सारखे फिरत नाही, त्यामुळे काळ जाईल तशी नाण्यानाण्यांच्या वजनातील तफावतही वाढत जाते आणि ती तफावत मोजली तर नाणी किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो. सरासरीवर न थांबता तफावतीकडे पाहण्याची ही सवयच त्यांच्या पुढच्या कामाचे मूळ असावे, असे वाटते.

१९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा जेमतेम तेरा पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. संख्याशास्त्र तोवर प्रामुख्याने सुट्या आकड्यांचा विचार करीत असे. कोसंबींनी संपूर्ण वक्ररेषा हाच एक नमुना मानला. अशा पुष्कळ वक्ररेषा हाताशी असतील तर त्यांच्यातूनच काही मूळ आकार शोधून काढता येतात. कोणतीही वक्ररेषा या आकारांच्या कमीअधिक मिश्रणातून उभी करता येते. पहिला आकार एकूण तफावतीचा सर्वांत मोठा वाटा उचलतो, दुसरा त्याखालोखालचा, आणि या वाट्यांचा परस्परांशी सहसंबंध राहत नाही. प्रत्यक्षात पुष्कळदा पहिल्या चार-दोन आकारांतच जवळजवळ सारे सामावते आणि उरलेले सोडून दिले तरी फारसे बिघडत नाही.

याचा सर्व्हरशी काय संबंध? एखाद्या बँकेच्या साठवण यंत्रणेवर दर पाच मिनिटांनी ताणाची नोंद होते असे समजा. दिवसाला २८८ आकडे, वर्षाला १ लाख ५ हजार १२०. या ढिगातून सरासरी काढणे सोपे, पण ती फसवी. डोंबिवलीकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दिवसभरातील प्रवाशांना गाड्यांच्या संख्येने भागले तर प्रत्येकाला बसायला जागा मिळेल असे कागदावर दिसेलही. सकाळी आठच्या फास्टला लटकणाऱ्यास त्याचा काय उपयोग? साठवणुकीचेही तसेच. डिस्क निम्मा वेळ व्यग्र असेल तर, रांगेच्या ढोबळ सूत्रानुसार, एका मागणीला रिकाम्या डिस्कच्या दुप्पट वेळ लागतो. ती ९० टक्के व्यग्र झाली की हाच वेळ दहापट होतो. मध्ये कुठेही धोक्याची घंटा वाजत नाही. काउंटरपुढची रांग मात्र वाढते.

येथे कोसंबींची युक्ती कामी येते. प्रत्येक दिवसाचा आलेख ही एक वक्ररेषा. वर्षभराच्या ३६५ रेषांतून मूळ आकार वेगळे काढले की एक कार्यालयीन वेळेचा उंचवटा दिसतो, एक महिनाअखेरीच्या पगाराचा, एक रात्रीच्या बॅकअपचा. मग कोणता आकार वर्षागणिक फुगतो आहे, रात्रीचा बॅकअप लांबत जाऊन सकाळच्या कामकाजावर केव्हा आदळेल, हे आधी कळते. क्षमतेचा अंदाज त्यावर बेतायचा असतो.

हा अंदाज केवळ टेराबाइटमध्ये करणे ही नेहमीची चूक. एक साधे उदाहरण पाहा. सहा टेराबाइट माहितीसाठी ६०० गिगाबाइटच्या दहा डिस्क जागेच्या दृष्टीने पुरतात. पण कळसाच्या वेळी सेकंदाला पाच हजार वाचने आणि एक हजार लेखने होत असतील तर? समता-माहितीसह जपणूक करणाऱ्या ‘रेड ५’ रचनेत प्रत्येक छोट्या लेखनासाठी चार हालचाली कराव्या लागतात. म्हणजे एकूण नऊ हजार. मिनिटाला १५ हजार फेरे घेणारी यांत्रिक डिस्क सेकंदाला साधारण १८० हालचाली करते. हिशेब पन्नास डिस्कवर जातो! (त्यातली एखादी बिघडली तर बदलायची म्हणून राखीव ठेवायच्या त्या निराळ्याच.) फिरती तबकडी नसलेल्या नव्या फ्लॅश डिस्कने हा आकडा पार खाली आणला हे खरे, मात्र रांगेचा नियम तिलाही चुकलेला नाही.

कोसंबींनी अर्थातच यातले काहीही पाहिले नव्हते. त्यांचा निबंध आला तेव्हा महायुद्ध ऐन भरात होते आणि भारतातील नियतकालिक परदेशी गणितींच्या हाती पडणे दुर्मिळच. फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी त्यानंतर काही वर्षांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले आणि प्रमेय त्या दोघांच्या नावाने रूढ झाले. त्यांच्यावर ठपका ठेवण्याचे कारण नाही. मात्र कोसंबींनी स्वतःही हा धागा फारसा पुढे नेला नाही, हेही मान्य करावे लागेल. याच सुमारास त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र दिले. ते जनुकशास्त्रात आजही कोसंबींच्याच नावाने वापरले जाते. संगणकाच्या क्षेत्रात तसे झाले नाही. १९७४ मध्ये नासिर अहमद, नटराजन आणि राव यांनी चित्रे आटोपशीर साठवण्याची नवी पद्धत मांडली, तेव्हा ती किती चांगली आहे हे ठरविण्यासाठी त्यांनी याच प्रमेयावर आधारलेला आदर्श समोर ठेवला. त्यांची पद्धत त्या आदर्शाच्या अगदी जवळ पोहोचली आणि पुढे १९९२ च्या ‘जेपेग’ मानकाचा पाया झाली. सर्व्हरवर जेपेग छायाचित्रे जेवढ्या जागेत मावतात, तिचा हिशेब असा १९४३ पर्यंत मागे जातो.

१९४५ मध्ये होमी भाभांनी कोसंबींना टाटा संस्थेत बोलावले आणि त्यांचा पुणे-मुंबई प्रवास सुरू झाला. गणनयंत्रांच्या अभ्यासासाठी युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते १९४८-४९ मध्ये इंग्लंड-अमेरिकेला गेले. प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांचे यंत्र तेव्हा उभारले जात होते. तेथे त्यांच्याशी कोसंबींच्या चर्चा झाल्या. परतल्यावर मात्र संगणकाचे काम त्यांच्या हाती राहिले नाही. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी संस्थेतच ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला आणि तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या मापाने जेमतेम दहा किलोबाइट. हल्ली फोनवर येणारे शुभप्रभातचे एखादे चित्रही त्यात मावणार नाही.

कोसंबी तोवर इतिहासात खोलवर गेले होते. भर्तृहरीच्या काव्याची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना ठरलेला ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर ते सूक्ष्म अश्मयुगीन हत्यारे वेचत हिंडत. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा देशाला परवडेल, असे भाभांच्या संस्थेत राहून ते जाहीरपणे मांडत. त्यातच रीमानच्या गृहीतकाविषयी त्यांनी केलेला दावा गणितींनी नाकारला आणि १९६२ मध्ये संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. या शेवटच्या प्रकरणात चूक कोसंबींचीही होती, यात शंका नाही. त्याची किंमत मात्र त्यांच्या आधीच्या निर्दोष गणितालाही मोजावी लागली असे दिसते.

१९६४ मध्ये त्यांची मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत नेमणूक झाली. २९ जून १९६६ च्या पहाटे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८. टपाल खात्याने २००८ मध्ये त्यांचे तिकीट काढले. त्यांचे निवडक गणिती व संख्याशास्त्रीय लेखन रामकृष्ण रामस्वामी यांच्या संपादनाखाली २०१६ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले आणि १९४३ चा निबंध वाचकांना पुन्हा सहज उपलब्ध झाला. अलीकडे काही लेखक या प्रमेयाचा उल्लेख कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असा करू लागले आहेत.