टाळूवरचा पांढरा चट्टा

तोंडात आलेला पांढरा चट्टा बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणूनच माणूस तो अंगावर काढतो. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनीही तेच केलं, आणि ते तर स्वतः डॉक्टर होते.

फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या, फ्रायबर्गचा. लहानपणीच कुटुंब व्हिएन्नाला आलं. तिथेच ते वैद्यकशास्त्र शिकले. चोविसाव्या वर्षी सिगारेट सुरू झाली, मग सिगार आले आणि पुढे ते दिवसाला वीसपर्यंत गेले. हृदयाची तक्रार उद्भवली तेव्हा डॉक्टर मित्राने धूम्रपान बंद करायला सांगितलं. त्यांनी प्रयत्न केला, पण सिगारवाचून काम सुचेना.

फेब्रुवारी १९२३ मध्ये त्यांना टाळूवर उजव्या बाजूला चट्ट्यासारखी वाढ दिसली. डॉक्टर सिगार बंद करतील या धास्तीने त्यांनी दोन महिने ती कोणाला दाखवली नाही. एप्रिलमध्ये डॉ. फेलिक्स डॉइच यांनी तोंड पाहिलं आणि कर्करोग ओळखला. मात्र फ्रॉइड यांना त्यांनी साधा ल्युकोप्लाकिया असल्याचं सांगितलं.

तंबाखूमुळे तोंडातली नाजूक त्वचा जाड होऊन पांढरी पडते, तो ल्युकोप्लाकिया. असे बरेच चट्टे निरुपद्रवी राहतात, काहींचा मात्र कर्करोग होतो. कोणत्या चट्ट्याचा होईल, हे नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. त्यालाच बायोप्सी म्हणतात.

२० एप्रिलला मार्कुस हायेक या नाक-घशाच्या तज्ज्ञांनी ती वाढ काढली. फ्रॉइड त्याच दिवशी घरी येतील अशी अपेक्षा होती, पण खूप रक्त गेलं आणि त्यांना तिथेच ठेवावं लागलं. पुन्हा रक्तस्राव सुरू झाला तेव्हा खोलीतल्या दुसऱ्या रुग्णाने धावत जाऊन मदत आणली, म्हणून ते वाचले. तपासणीत कर्करोग निघाला, तरीही त्यांना ते सांगितलं गेलं नाही. पुढे खरं कळलं तेव्हा त्यांनी डॉइच यांच्याकडून उपचार घेणं थांबवलं.

ऑक्टोबरमध्ये जबड्याचे शल्यचिकित्सक हान्स पिख्लर यांनी मोठी शस्त्रक्रिया करून टाळूचा आणि वरच्या जबड्याचा भाग काढला. तोंड आणि नाक यांमधला पडदाच गेला. ती पोकळी बुजवण्यासाठी कवळीसारखा कृत्रिम भाग बसवला. तो घट्ट बसवला की टोचे, सैल ठेवला की बोलणं आणि गिळणं अवघड होई. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं. मुलगी अ‍ॅना हिने सारी शुश्रूषा केली. एवढं होऊनही सिगार सुटला नाही. डॉ. मॅक्स शूर यांना मात्र त्यांनी सुरुवातीलाच अट घातली होती, की माझ्यापासून काही लपवायचं नाही.

१९३८ मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडून ते लंडनला गेले. तिथे रोग पुन्हा उसळला आणि शस्त्रक्रिया करण्यापलीकडे गेला. २३ सप्टेंबर १९३९ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे सिगार नसेल, पण तंबाखू-चुना, मावा, गुटखा, मिश्री आहेच. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, विनाकारण हलू लागलेला दात, तिखट न सोसणं, तोंड पूर्ण न उघडणं, यांपैकी काहीही जाणवलं तर दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं. सुरुवातीला सापडलेली गाठ बऱ्याचदा एका शस्त्रक्रियेत निघते. वाढलेल्या रोगाला शस्त्रक्रियेबरोबर किरणोपचार आणि कधी औषधंही लागतात. टाळू गेला तर कृत्रिम भाग आजही बसवतात, किंवा शरीराच्या दुसऱ्या भागातली त्वचा-स्नायू आणून पोकळी भरतात.

आणि घरच्यांनीही एक लक्षात ठेवावं. रुग्णाला घाबरवायचं नाही म्हणून निदान लपवलं, तर तंबाखू सोडण्याचं आणि वेळेवर तपासणीला जाण्याचं महत्त्व त्याला कळणार कसं?