रावेल यांच्या डोक्यातला ऑपेरा

१९३३ च्या उन्हाळ्यात फ्रेंच संगीतकार मॉरिस रावेल समुद्रात पोहायला उतरले आणि हातपाय कसे मारायचे हेच त्यांना जमेना. जन्म १८७५ चा, समुद्रकाठच्या सिबूर गावातला, पोहण्यात तरबेज. हातापायांत ताकद होती, हालचालींचा क्रम मात्र हरवला होता. वैद्यकशास्त्रात याला ॲप्रॅक्सिया म्हणतात.

शब्द त्याआधीच दगा देऊ लागले होते. १९३२ मध्ये पॅरिसमध्ये टॅक्सीच्या अपघातात त्यांना मार लागला होता. पुष्कळदा सगळे खापर त्यावरच फोडले जाते. पण लिहिताना चुका होणे त्यापूर्वीच सुरू झाले होते, त्यामुळे ते पटत नाही. 'बोलेरो'ने (१९२८) जगभर नाव झालेले आणि पियानोचे दोन कॉन्चेर्टो नुकतेच पूर्ण केलेले रावेल साध्या पत्रासाठी शब्दकोश उघडून बसू लागले.

मेंदूविकारतज्ज्ञ तेओफिल अलाजुआनिन यांनी त्यांना तपासले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची नोंद आजही अभ्यासली जाते. रावेल ओळखीची धून चटकन ओळखत. सुरात वा लयीत बारीकशी चूक केली तरी पकडत. दमट हवेने पियानो किंचित बेसूर झाल्याचेही त्यांच्या कानाने टिपले. मात्र स्वरलिपी समोर ठेवली की गाडी अडे. ऐकलेल्या स्वराचे नाव सांगणेही कठीण जाई.

बहुतेकांमध्ये भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात, तर धून ओळखण्यात उजव्या भागाचा वाटा मोठा असतो. स्वरलिपी वाचणे पुष्कळसे भाषा वाचण्यासारखेच: चिन्ह पाहायचे, अर्थ लावायचा, बोटांना हुकूम द्यायचा. रावेल यांची ही साखळी तुटली, ऐकण्याची वाट शाबूत राहिली. म्हणूनच ते मैफलींना जात राहिले. जोन ऑफ आर्कवरचा ऑपेरा त्यांना मनात ऐकू येई, कागदावर उतरत नसे. आपले काय हरवत चालले आहे याची त्यांना पुरती जाणीव होती, आणि या आजारातला सर्वांत क्रूर भाग हाच.

डिसेंबर १९३७ मध्ये शल्यविशारद क्लोव्हिस व्हँसां यांनी ट्यूमरच्या शंकेने कवटी उघडली. सीटी स्कॅन यायला अजून तीस-पस्तीस वर्षे होती. ट्यूमर सापडला नाही. रावेल थोडा वेळ शुद्धीवर आले, मग कोमात गेले आणि २८ डिसेंबरला, वयाच्या ६२ व्या वर्षी वारले. शवविच्छेदन झाले नाही. त्यामुळे मेंदूचा नेमका कोणता भाग झिजत होता, यावर तज्ज्ञांचा वाद अजून चालू आहे.