जोडस्तंभालेखामागचा माणूस : विल्यम प्लेफेअर



सातवीला जोडस्तंभालेख शिकवताना मी पुस्तकातलं उदाहरण लगेच घेत नाही. येत्या आठवड्यात वर्गात रोज किती जण हजर असतील, याचा अंदाज आधी मुलांकडून लिहून घेते. आठवडा संपला की हजेरीपटावरून खरी संख्या. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी शेजारी असतात, तरी अंदाज कोणत्या वारी सर्वात जास्त चुकला असं विचारलं की मुलं बोटं मोजत बसतात. मग प्रत्येक वाराला दोन स्तंभ काढायचे. एक अंदाजाचा, त्याला चिकटून प्रत्यक्ष हजेरीचा, आणि प्रमाण दोन्हींना एकच. बाजाराचा वार लगेच डोळ्यात भरतो! त्याच तासाला मी विल्यम प्लेफेअरची गोष्ट सांगते.

प्लेफेअरचा जन्म १७५९ साली स्कॉटलंडमध्ये, डंडी शहराजवळच्या लिफ गावी झाला. वडील धर्मोपदेशक. तो लहान असतानाच ते गेले आणि थोरल्या भावाने, जॉनने, त्याला सांभाळलं, शिकवलं. हा जॉन पुढे मोठा गणिती झाला. त्याने विल्यमला रोज तापमापक वाचून नोंद ठेवायला लावली आणि त्या नोंदी रेषांनी दाखवायला शिकवलं. (आपल्याकडे हवामानाचा तक्ता भिंतीवर लागतो, पण त्याचा आलेख किती वर्गांत होतो?)

नंतर तो मळणीयंत्र बनवणाऱ्या अँड्र्यू मीकलकडे उमेदवारी करायला गेला, आणि १७७७ मध्ये बर्मिंगहॅमला जेम्स वॅटच्या हाताखाली यंत्रांचे आराखडे काढू लागला. मोजमाप आणि रेघ यांची सवय हाताला तिथे पक्की झाली.

१७८६ साली त्याने व्यापाराच्या आकड्यांचं पुस्तक काढलं. त्यात ४४ आलेख होते. इंग्लंडची अनेक वर्षांची आकडेवारी त्याच्याजवळ होती, म्हणून ४३ आलेखांत काळानुसार चढउतार दाखवता आले. स्कॉटलंडची मात्र एकाच वर्षाची मिळाली, १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंतची. एका वर्षाची रेषा काढणार कशी? मग त्याने १७ प्रदेशांची नावं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढे दोन आडवे पट्टे काढले. निर्यातीचा काळा, आयातीचा रेघारेघांचा. एक घर म्हणजे दहा हजार पौंड, आणि कोणता पट्टा कशाचा हे चित्राखालीच लिहिलं. आयात आणि निर्यात असे दोन तक्ते एका चित्रात आले. रशियाचा आयातीचा पट्टा लांबलचक आणि निर्यातीचा इवलासा, हे आकडे न वाचताही दिसतं. गंमत म्हणजे काळ दाखवता आला नाही म्हणून त्याला स्वतःला हा आलेख कमी दर्जाचा वाटत होता. आज मुलं तोच आधी शिकतात.

पुढचं आयुष्य मात्र धड गेलं नाही, आणि मुलांपासून ते मी लपवत नाही. तो पॅरिसला गेला. अमेरिकेतल्या ओहायो भागातली जमीन फ्रेंच लोकांना विकणाऱ्या कंपनीचं काम त्याने घेतलं. घरदार सोडून शेकडो लोक १७९० मध्ये तिकडे पोचले, तेव्हा कळलं की हातातल्या कागदांना काही किंमतच नाही. सांगितलेलं आणि मिळालेलं यांचा जोडस्तंभालेख त्यांनी काढला असता, तर दुसरा स्तंभ शून्यावरच राहिला असता. यात प्लेफेअरची लबाडी किती आणि भाबडेपणा किती, यावर आजही वाद आहे. मला तरी त्याला निर्दोष म्हणवत नाही.

लंडनला परतल्यावर तो लिहीत राहिला. १८०१ च्या पुस्तकात त्याने वर्तुळाचे भाग पाडून आकडे दाखवले, म्हणजे आपला वृत्तालेख. कर्जापायी तुरुंगही पाहिला. ११ फेब्रुवारी १८२३ रोजी लंडनमध्ये तो वारला, तेव्हा हाताशी पैसा नव्हता आणि त्याच्या आलेखांची इंग्लंडात फारशी विचारपूसही नव्हती.