बंगळुरूत मागे राहिलेल्यांनी राजाराम महाराजांना जिंजीला पोहोचविले

बंगळुरू : शहाजीराजांनी ज्या शहरातून आपल्या कर्नाटकातील जहागिरीचा कारभार पाहिला, त्याच बंगळुरूत १६८९च्या पावसाळ्यानंतर त्यांच्या नातवाला वेश पालटून उतरावे लागले. शहर दोनच वर्षांपूर्वी मोगल सरदार कासिम खानाने जिंकले होते. छत्रपती राजाराम महाराज तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते.

२४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावर जन्मलेल्या राजारामांना रणांगणाचा अनुभव जवळजवळ नव्हता. संभाजी महाराज पकडले गेल्यावर त्यांच्यावर राज्याची जबाबदारी आली. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगडाला वेढा पडला. राजारामांनी गड सोडावा, असा निर्णय येसूबाईंनी घेतला. स्वतः मात्र त्या बाल शाहूंसह गडावर राहिल्या आणि पुढे मोगलांच्या कैदेत गेल्या. या प्रवासाची पहिली किंमत अशी घरातच मोजली गेली.

प्रतापगडमार्गे पन्हाळा आणि सप्टेंबरअखेर तेथून दक्षिणेकडे, असा मार्ग ठरला. महाराष्ट्राची बाजू रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी सांभाळायची होती. प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ चिटणीस आणि निवडक मंडळी राजांसोबत निघाली. तुंगभद्रेच्या परिसरात मोगल फौजेने त्यांना गाठले. अनेक सरदार कैद झाले, राजे निसटले. केळदीच्या राणी चेन्नम्मांनी औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना आपल्या मुलखातून वाट दिली.

बंगळुरूत मात्र घात एका क्षुल्लक गोष्टीने झाला. बखरींनुसार, साध्या यात्रेकरूंच्या मेळ्यात एका तरुणाचे पाय इतरांनी धुतलेले पाहून लोकांना संशय आला आणि ठाणेदारापर्यंत वार्ता गेली. वेश पालटता येतो, अंगवळणी पडलेला अदब पालटत नाही! धोका ओळखून मंडळींची फाळणी झाली. राजे मोजक्या साथीदारांसह आडवाटेने निघून गेले. खंडो बल्लाळ आणि काही जण यात्रेकरू म्हणूनच थांबले. त्यांना पकडून फटके मारण्यात आले, तोंडाला राखेचे तोबरे बांधण्यात आले. आपण यात्रेकरू आहोत, यापलीकडे कोणी काही बोलले नाही. अखेर त्यांना सोडावे लागले आणि ते पुढे राजांना जाऊन मिळाले. याच खंडो बल्लाळांचे वडील बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत देहदंड झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मौनाचे वजन कळते.

नोव्हेंबरच्या आरंभी राजे जिंजीला पोहोचले. मराठी राज्याची राजधानी तेथे हलली आणि वेढा पडूनही सुमारे आठ वर्षे टिकली. औरंगजेबाचे मोठे सैन्य दक्षिणेत अडकले, तेवढ्या काळात संताजी-धनाजींनी महाराष्ट्रात त्याला स्वस्थता लाभू दिली नाही.

राजारामांना दुबळे ठरविण्याची रीत इतिहासलेखनात जुनी आहे. तलवारीच्या मापाने ती कदाचित खरीही ठरेल. पण विखुरलेल्या, परस्परांशी न पटणाऱ्या कर्त्या माणसांना मोकळीक देऊन राज्याशी बांधून ठेवणे, हे त्यांचे काम त्या मापात बसत नाही. त्यातही संताजींशी आलेले वितुष्ट त्यांना निवारता आले नाही, ही उणीव राहतेच.

१६९८च्या आरंभी जिंजी पडली. राजे त्याआधीच निसटले होते. त्या सुटकेसाठी मोगलांकडील शिर्क्यांचे साहाय्य मिळावे म्हणून खंडो बल्लाळांनी दाभोळचे आपले वतन त्यांना देऊन टाकले, असे परंपरा सांगते. मार्च १७००मध्ये सिंहगडावर राजारामांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ३० वर्षे होते.