विश्लेषण : तंबाखूची गोळी जिथे, आजार तिथेच! डॉ. खानोलकर यांनी हे कसे दाखवून दिले?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई असो की पुणे जिल्ह्यातील दुसरे एखादे गाव, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय ग्रामीण भागाला नवी नाही. तोंडात आलेला पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा हळूहळू कमी उघडणारा जबडा यांचा अशा सवयींशी असलेला संबंध आज डॉक्टर सहज सांगतात. पण ८० वर्षांपूर्वी हे इतके स्पष्ट नव्हते. ते पुराव्यानिशी मांडणाऱ्यांत एक नाव ठळक आहे, डॉ. वसंत रामजी खानोलकर.

कोण होते डॉ. खानोलकर?

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकर यांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवली. आजारामुळे शरीराच्या पेशींत काय बदल होतात, याचा अभ्यास म्हणजे विकृतिशास्त्र. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

हजार रुग्णांतून काय दिसले?

भारतात कर्करोग फारसा आढळत नाही, असा समज त्या काळी होता. खानोलकर यांनी वाद घालण्याऐवजी नोंदी तपासल्या. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. गाठ नेमकी कुठे आहे, रुग्ण कोणत्या समाजातला, त्याच्या सवयी काय, हे प्रश्न त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी होते.

पुढच्याच वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार मांडले. पहिला, चुना लावलेली खैनी खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधील खाचेत धरून ठेवणाऱ्यांचा. दुसरा, पेटते टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा. तिसरा, घट्ट धोतर वर्षानुवर्षे जिथे घासते त्या कमरेवरचा. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच होते. सवय शरीराच्या ज्या जागेला त्रास देते, आजार तिथेच उभा राहतो. म्हणजे हा नशिबाचा भाग नव्हता आणि सवय सुटली तर टाळता येण्याजोगा होता.

जबड्याशी याचा संबंध काय?

गालाचा किंवा हिरडीचा कर्करोग वाढला की तो जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचू शकतो. मग हाडाचा भाग काढावा लागतो आणि अनेकदा पायातील बारीक हाड वापरून जबडा पुन्हा उभारला जातो. त्यावर कृत्रिम दातांचे रोपण करायचे तर हाड नीट जुळून यावे लागते. तंबाखूचे सेवन चालू राहिले तर जखम आणि हाड भरून येण्यात अडथळा येतो.

सुपारीचा धोका वेगळा आहे. तिच्यामुळे तोंडाच्या आतील त्वचा कडक होऊन जबडा उघडेनासा होतो. मुंबईतील डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले होते. गुटख्यात तंबाखू आणि सुपारी दोन्ही असल्याने धोका दुहेरी. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली.

त्यांच्या कामाचे पुढे काय झाले?

खानोलकर यांनी मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभारले आणि त्याचे ते पहिले संचालक झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. कुष्ठरोगावरही त्यांनी संशोधन केले.

सवय आणि आजार यांचा संबंध शोधण्याचे काम पुढे रुग्णालयाबाहेर, गावोगावी गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यात घरोघरी जाऊन १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी डॉ. खानोलकर यांचे निधन झाले.

आज वाचकांनी काय पाहावे?

आरशासमोर तोंड पूर्ण उघडा. तीन बोटे उभी एकावर एक आत जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर दंतवैद्याकडे जा. मिश्री, तंबाखू किंवा सुपारी जिथे ठेवता, ती जागा आधी पाहा. खानोलकर यांनी हजार रुग्णांतून शिकवलेला धडा हाच आहे.