कोल्हापूरच्या शिकारीसाठी चित्ते थेट आफ्रिकेतून यायचे

2022 मध्ये नामिबियाहून 8 चित्ते कुनोत आले, तेव्हा सगळ्यांना अप्रूप वाटलं. पण शंभरेक वर्षांपूर्वी आफ्रिकेचे चित्ते आपल्या कोल्हापुरातही येत होते. हा शौक होता राजर्षी शाहू महाराजांच्या घराण्याचा.

शाहूंचा जन्म 26 जून 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शिकायला राजकोटच्या राजकुमार कॉलेजात गेले. संस्थानिकांच्या पोरांनी साहेबासारखं वागावं, घोडा-बंदूक चालवावी, कारभारात मात्र फार डोकं घालू नये, असा तिथला एकूण बेत. तिथेच भावनगरच्या भावसिंहजींशी दोस्ती जमली. पुढे चित्त्यांसाठी नाव झालं ते याच दोन संस्थानांचं.

आता ही शिकार चालायची कशी? चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीवर बसवायचं. काळविटं बैलगाडीला बुजत नाहीत. कळप टप्प्यात आला की चित्तेवान टोपी काढायचा. पुढचा खेळ काही सेकंदांचा. साधलं तर साधलं, नाहीतर चित्ता दमून तिथेच बसायचा.

अडचण अशी की पाळलेले चित्ते सहसा पिल्लं देत नाहीत. दरवेळी रानातलाच धरून आणावा लागायचा. इथली रानं रिकामी झाली तेव्हा संस्थानांनी आफ्रिकेकडे मोर्चा वळवला. तिथेही राज्य इंग्रजांचंच. 1918 ते 1945 दरम्यान किमान 200 चित्ते भारतात आले. एका वसाहतीतलं जनावर दुसऱ्या वसाहतीत, पाहुण्या साहेबाला खेळ दाखवायला! युद्ध आणि तहाचा हक्क गेलेल्या राजांकडे मिरवायला दुसरं उरलं तरी काय होतं?

शाहू मात्र त्या थाटात अडकून पडले नाहीत. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले. ते तिकडे असतानाच 26 जुलैला कोल्हापुरात मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला. त्याच प्रवासात रोमचं कलोसियम पाहिलं आणि 1912 पर्यंत खासबाग मैदान उभं केलं, तालमीतल्या पैलवानांसाठी आणि कुस्ती बघायला येणाऱ्या रयतेसाठी. इंग्रजी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या फासेपारध्यांना त्यांनी नोकऱ्या दिल्या.

6 मे 1922 ला मुंबईत, वयाच्या 47 व्या वर्षी ते गेले. चित्त्यांचा शौक मुलाने, राजाराम महाराजांनी पुढे चालवला. 1949 मध्ये संस्थान विलीन झालं आणि तीनच वर्षांनी भारतातला चित्ता नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं.