विश्लेषण : गुडघ्याच्या वाटीतील गाठ आणि डॉ. कॉडमन यांची नोंदवही

गुडघ्याच्या वाटीत गाठ होणे इतके दुर्मीळ, की बहुतेक शल्यचिकित्सकांना उभ्या कारकीर्दीत असे मोजकेच रुग्ण भेटतात. मग निदान कशाच्या आधारे करायचे? हाडांच्या गाठींबाबत या प्रश्नाला वाट दाखवली ती बोस्टनचे शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट कॉडमन (१८६९-१९४०) यांनी.

सहकाऱ्यांशी वाद कशावरून?

हार्वर्डमधून १८९५ मध्ये पदवी घेतलेले कॉडमन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करत. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे पुढे काय झाले हे तपासावे आणि चुकांसह जाहीर करावे, हा त्यांचा आग्रह. तो अनेकांना रुचला नाही. १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९११ ते १९१६ या काळात स्वतःच्या छोट्या रुग्णालयातील ३३७ रुग्णांची माहिती त्यांनी छापली, त्यात १२३ चुका मान्य केल्या. १९१५ मध्ये शहरातील वैद्यकीय व्यवस्थेवरील व्यंगचित्र भरसभेत दाखवल्यावर ते एकटे पडले.

नोंदवही कशासाठी?

१९२० मध्ये हाडाच्या सार्कोमाची, म्हणजे कर्करोगाच्या गाठीची, नोंदवही त्यांनी सुरू केली. ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून एक्स-रे, गाठीचे नमुने आणि उपचाराचा परिणाम मागवून ते तज्ज्ञांसमोर ठेवले जात. कोणती गाठ घातक आणि कोणती नाही, हे त्यातून उलगडू लागले. १९३१ मध्ये त्यांनी दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला होणाऱ्या, कूर्चेचा अंश असलेल्या गाठींचे वर्णन केले. १९४२ पासून ही गाठ 'कॉन्ड्रोब्लास्टोमा' म्हणून ओळखली जाते. वाटीत आढळणाऱ्या प्रमुख गाठींपैकी ही एक असून ती सहसा कर्करोगाची नसते.

आज उपचार कसे होतात?

गुडघ्याच्या पुढच्या भागातील दुखणे अनेकदा मार किंवा झीज समजून अंगावर काढले जाते. ते टिकून राहिल्यास एक्स-रे, गरजेनुसार एमआरआय आणि शेवटी बायोप्सी करतात. गाठ साधी असेल तर ती खरवडून पोकळीत हाडाचा तुकडा किंवा सिमेंट भरतात. वाटी फारच पोखरली असेल तर ती काढावी लागते. कर्करोग असेल तर भोवतालच्या निरोगी भागासह गाठ काढतात आणि प्रकारानुसार केमोथेरपी देतात.

कॉडमन यांच्या कबरीवर २०१४ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. मात्र एखादी अनोळखी गाठ दिसली, की डॉक्टर आजही आधीच्या रुग्णांच्या नोंदी पडताळतात आणि मगच वाटी वाचवायची की काढायची, हे ठरवतात.